काळजातील छिद्र आवाजाने दिसते

बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. आवाज खणखणीत आला, तर मडके चांगले. बद्द आला, तर कुठे तरी चीर आहे. मडके फोडून कोणी पाहत नाही!

स्वीडन देशात जहाजांच्या एका कारखान्यात लोखंडातील चिरा शोधण्याचे यंत्र होते. ते आवाज सोडी व परत आलेला प्रतिध्वनी पकडी. हा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. १९५३ साली लुंड गावच्या डॉक्टर एडलर व शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी ते यंत्र उसने आणले आणि माणसाच्या छातीला लावले. आजची ‘इको’ तपासणी त्यातूनच निघाली. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात, त्याच जातीची ही. सुई नाही, दुखणे नाही.

आपल्या हृदयात चार कप्पे असतात. काही मुलांच्या कप्प्यांमधील भिंतीला जन्मापासून छिद्र राहते. तो ग्रहणाचा दोष नव्हे, आईचाही नव्हे. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे असले, तर फुप्फुसात जास्त रक्त जाते. कोणी मूल धापा टाकते, कोणाला वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही.

वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र कसे बुजवतात ते पाहू. आधी इकोवर छिद्र मोजतात, कडा पाहतात. कडा पुरेशा असल्या, तर बहुधा छाती उघडावी लागत नाही. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात. नळीत तारेच्या जाळीची मिटलेली छत्री असते. खरे म्हणजे त्या दोन चकत्या, मधे जोडलेल्या. एक चकती पलीकडच्या कप्प्यात उघडून भिंतीला टेकवायची, दुसरी अलीकडे उघडायची.

पण आत दिसणार कसे? एक्स-रेवर ही भिंत दिसत नाही, इकोवर दिसते. अन्ननळी हृदयाला लागूनच मागून जाते. म्हणून भूल देऊन पुष्कळदा तिच्यात इकोची नळी सोडतात. चकतीने कड धरली का? शेजारची झडप अडकली नाही ना? हे पाहूनच छत्री सोडतात. तोवर ती परत ओढून घेता येते. नाहीच बसली, तर शस्त्रक्रिया करतात.

२०१३ पासून सरकारी पथके अंगणवाडीतील व शाळेतील मुले तपासतात. त्यांनी इको करायला सांगितले, तर पुढच्या सुगीवर ढकलू नका. मोठे छिद्र फार वर्षे राहिले, तर फुप्फुसातील दाब कायमचा वाढू शकतो. मग छिद्र बुजवणेच जिवावर बेतते, आणि डॉक्टरांना ते तसेच ठेवावे लागते.