आजार बरा होणार नाही हे कळूनही माणूस शांत कसा राहतो?

प्रश्न : आमच्या मोठ्या काकूंना जठराचा कॅन्सर आहे. तो यकृतात पसरल्यामुळे आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवातीला काकू कोणाशी धड बोलत नव्हत्या. आता मात्र ओट्यावर बसून मिरचीचा तोडा कुठवर आला ते विचारतात, नातवावर ओरडतात, हसतातही. आम्हीच आडून रडतो. त्यांना आजाराची पूर्ण कल्पना नसेल का? की आमच्यासाठी उसनं अवसान आणत असतील?
– एक वाचक, टेंभुर्णी (ता. जाफराबाद, जि. जालना)

उत्तर : तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांच्याकडे आपण येऊच. पण तिसरी शक्यता तुम्ही धरलेली नाही आणि ती बऱ्याचदा खरी असते. काकू खरोखरच सावरल्या असतील.

हे कसं होतं ते पाहू. आपला दिवस बरा गेला की वाईट, हे आपण त्या दिवसाकडून काय अपेक्षा ठेवली होती त्यावर ठरवतो. धडधाकट माणूस पुढच्या वर्षाचे बेत करतो. आजारी माणसाची मोजपट्टी हळूहळू बदलते. रात्री सलग झोप लागली, दोन घास पचले, नातू जवळ येऊन बसला, एवढ्यावर दिवस चांगला ठरतो. आपण मात्र त्यांचं आयुष्य आपल्याच मोजपट्टीने मोजतो. ‘माझ्यावर अशी वेळ आली तर’ असा विचार करताना आपल्याला फक्त आजार दिसतो; मिरची, नातू, ओटा हे त्या चित्रात येतच नाहीत. फ्रान्समध्ये जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलेल्या, केवळ डोळ्यांच्या हालचालींनी बोलणाऱ्या रुग्णांची पाहणी झाली होती. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 65 पैकी 47 जणांनी आपण सुखी असल्याचं कळवलं. त्यांचा आजार जीवघेणा कॅन्सर नव्हता हे खरं, पण बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकतो ते त्यातून कळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच पायऱ्या माणूस ओळीने चढतो, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 च्या पुस्तकात ही मांडणी केली. पण माणसं अशी ओळीने चालत नाहीत. आज हसणाऱ्या काकू परवा चिडतील, तेरवा पुन्हा मिरचीचा भाव विचारतील. त्यांचं मन पुन्हा ढासळलं, असं लगेच समजू नका.

सावरण्याला एक मोठी अट मात्र आहे. दुखणं आटोक्यात हवं. कळा येत असताना मन शांत ठेवा म्हणून सांगणं हा छळ आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की शरीराची वेदना, मनाची भीती, घरची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न, या चारांवर एकत्र उपचार हवेत. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन उभं राहिलं आणि पुण्यात वारज्याला 1997 मध्ये सिप्लाचं केंद्र. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. संभाजीनगरलाही शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे; वेदनाशमनाची काय सोय होईल, हे तिथे जरूर विचारा.

‘मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं’ किंवा ‘त्याचं व्यसन लागतं’ या भीतीने घरचे लोकच कधीकधी गोळी लपवून ठेवतात. असं करू नका. डॉक्टरांनी वेदनेच्या मापाने ठरवलेल्या डोसाने मृत्यू लवकर येत नाही, आणि अशा रुग्णाला व्यसन लागणं क्वचितच घडतं. हमखास होणारा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. गोळी कळ उठल्यावर द्यायची नसते, घड्याळ लावून द्यायची असते.

हे उपचार म्हणजे हात टेकणं, असंही वाटून घेऊ नका. बॉस्टनला फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले.

आता तुमच्या पहिल्या शंकेकडे येऊ. काकूंना कल्पना नसेल, हे मला अवघड वाटतं. सैल होत गेलेल्या बांगड्या, डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावणं, पुण्यामुंबईची माणसं अचानक भेटीला येणं, यांतून रुग्ण बरंच ओळखतो. मग त्या तुम्हाला जपतात, तुम्ही त्यांना जपता आणि मुख्य बोलणं राहून जातं. एखाद्याला शेताची वाटणी सांगायची असते, एखाद्याला रुसलेल्या भावाला भेटायचं असतं. एकदम सगळं सांगून टाकू नका. ‘काकू, तुम्हाला काय वाटतं तुमच्या दुखण्याबद्दल?’ एवढंच विचारा आणि थांबा. त्यांना जेवढं हवं तेवढं त्या विचारतील. विचारलंच तर खोटं बोलू नका.

दुसरी शंका उसन्या अवसानाची. पाहुणे गेले की काकू भिंतीकडे तोंड करून पडतात का? नातू आला तरी चेहरा उजळत नाही का? आपण घरावर ओझं झालो, असं वारंवार म्हणतात का? तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं. अशा आजारात उदास वाटणारच, म्हणून लोक ते सोडून देतात, पण त्यावर उपचार आहेत. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी 1997 मध्ये 197 रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं, की ‘तुमचं मन बहुतेक वेळ उदास असतं का?’ हा एक सरळ प्रश्न लांबलचक प्रश्नावल्यांपेक्षा चांगलं निदान करतो. तो घरच्यांनाही विचारता येतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, कारण नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात.