मेथीचा कडूपणा

थंडीचे दिवस सुरू झाले की वाराणसीच्या चंदुआ सट्टीत हिरव्या पालेभाज्यांचे ढीग दिसू लागतात. मेथीच्या जुडीशेजारी तेथे ‘सोया’ असतो. हा सोया म्हणजे सोयाबीन नव्हे, तर आपला शेपू होय. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असल्यामुळे, मुगाची डाळ घालून मेथी करण्याची महाराष्ट्रीय रीत आणि सोया व बटाटा घालण्याची बनारसी रीत या शहरात शेजारी शेजारी नांदतात. परंतु दोन्ही घरांत प्रश्न एकच असतो : कडूपणाचे करावे काय?

निसर्गातील पुष्कळ विषारी द्रव्ये कडू असतात. म्हणून कडू चव हा मनुष्याच्या जिभेला मिळालेला धोक्याचा इशारा समजला जातो. मुलांच्या जिभेला तो अधिक तीव्रतेने जाणवतो, तेव्हा ती ताट दूर सारतात यात त्यांचा हट्टच असतो असे नाही. मेथीच्या कडवटपणास सॅपोनिन वर्गातील द्रव्यांचा हातभार लागतो. नेहमीच्या आहारातील मेथीपासून मात्र भय नाही.

भाजी घेताना पाने कोवळी, टवटवीत व भरदार हिरवी पाहावीत. देठ नखाने सहज तुटला पाहिजे. फुलोरा वा शेंगा धरलेली जुडी निबर व बहुधा अधिक कडू निघते. मुंबईच्या बाजारातील चिमुकली ‘समुद्रमेथी’ ही काही निराळी जात नसून, रेतीत पेरून रोपावस्थेतच उपटलेली मेथीच होय.

खुडल्यानंतरही पान जिवंत असते. त्याचे श्वसन चालू राहते आणि बाष्पोच्छ्वासाने पाणी उडून जाते. मुळांकडून नवे पाणी मात्र येत नाही. म्हणून जुडी मलूल होते. ती न धुता, पिवळी पाने काढून, कागदात वा सुती फडक्यात सैल गुंडाळून शीतकपाटात ठेवावी. ओली भाजी बंद पिशवीत कोंडल्यास ती सडते. पिकलेली केळी किंवा सफरचंदे जवळ नसावीत, कारण त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात. शाळेत हे सहज पडताळता येईल. सारख्या वजनाच्या दोन जुड्यांपैकी एक उघडी व एक गुंडाळून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा तोलाव्यात.

आता स्वयंपाकाकडे वळू. चिरलेल्या मेथीला मीठ चोळून ती पिळण्याची चाल अनेक घरांत आहे. मिठामुळे पेशींतील रस बाहेर येतो व कडूपणा कमी होतो, हे खरे. पण त्या हिरव्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचाही काही अंश मोरीत जातो. भाजी उकळून पाणी फेकले तरी हेच घडते. फोलेट हे रक्तपेशी तयार होण्यास लागते आणि गर्भवतीला तर त्याची विशेष गरज असते; तेव्हा चवीसाठी दिलेली ही किंमत थोडी नव्हे.

यास्तव कडूपणा काढून टाकण्यापेक्षा तो झाकणे बरे. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. थोडे मीठ जिभेची कडूपणाची जाणीव दाबते. कांद्याची वा चिमूटभर गुळाची गोडी तेच काम करते. डाळ, बटाटा किंवा पेरलेले पीठ यांमुळे प्रत्येक घासातील मेथीचे प्रमाण उतरते. बनारसी सोयाचा उग्र सुवासही येथे उपयोगी पडतो. फोडणीचे तेल केवळ चवीचे नाही : पानांतील कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक चांगले शोषले जाते.

भाजी झाकण न ठेवता परतावी, ही जुन्या सुगरणींची सूचना शास्त्रीय आहे. शिजताना पानांतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर निघून गेली नाहीत, तर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम सुटते आणि हिरवा रंग मळकट होतो. सोडा घातल्याने रंग टिकतो खरा, पण पाने लिबलिबीत होतात व क जीवनसत्त्वाचा नाश वाढतो. कोवळ्या मेथीला मोठ्या आचेवर काही मिनिटे पुरतात.