शेजारी राज्यांची बैठक

आमच्या गोरेगावाच्या पूर्वेला आरे कॉलनी आहे. १९४९ साली मुंबई शहरातल्या म्हशी हलवून त्यांचे गोठे तेथे बांधले. पण तेवढ्या दुधाने मुंबईचे भागणारे नव्हते. आणखी दूध खेडा जिल्ह्यातल्या आणंदहून येई. त्या वेळी आणंद आणि गोरेगाव एकाच मुंबई राज्यात होते. पुढे १ मे १९६० रोजी त्या राज्याची दोन राज्ये झाली, महाराष्ट्र आणि गुजरात. आणंद परराज्यात गेले. दूध मात्र येतच राहिले. तिकडच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे होते आणि इकडच्या लेकरांना दूध.

राज्ये वेगळी झाली म्हणून शेजार सुटत नाही. नदी एका राज्यात उगम पावते आणि दुसऱ्यात समुद्राला मिळते. चोर इकडे चोरी करतो आणि हद्द ओलांडून तिकडे लपतो. एसटी पलीकडच्या गावी न्यायची, तर तिकडच्या सरकारची संमती लागते. मग दर खेपेला दिल्लीला धावायचे काय?

भाषावार राज्ये करण्याचा विचार चालू होता, तेव्हाच, १९५५ साली, पंडित नेहरूंनी एक सूचना केली. शेजारच्या चार-पाच राज्यांनी मिळून एक परिषद करावी आणि आपसांत बोलायची सवय लावून घ्यावी. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ती सूचना आली. देशाचे उत्तर, मध्य, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असे पाच विभाग झाले. प्रत्येक विभागाला एक परिषद मिळाली. ईशान्येकडील राज्यांसाठी १९७१ साली निराळा कायदा झाला.

आपली ती पश्चिम विभागीय परिषद. तिच्यात महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही राज्ये आहेत, शिवाय दादरा-नगरहवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश. केंद्राचे गृहमंत्री अध्यक्ष असतात. प्रत्येक राज्याचे मुख्यमंत्री आणि दोन मंत्री सभासद असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गांधीनगरला बैठक झाली, पुढची २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याला.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. या परिषदेला हुकूम सोडता येत नाही. ती फक्त सल्ला देते. कोणी म्हणेल, मग ती काय कामाची? आमचे म्हणणे असे की, दोघांनाही एकमेकांची गरज असली म्हणजे बोलण्यानेच काम होते. तिलारीचे धरण पाहा. हे काम परिषदेने केले नाही, दोन राज्यांनी थेट आपसांत करार करून केले. तिलारी नदी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात जाते. महाराष्ट्राकडे धरणाची जागा होती, गोव्याला पाणी हवे होते. १९९० साली करार झाला. खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला, पाण्याचा मोठा वाटाही त्यालाच मिळाला. कालवे पेडणे, डिचोली आणि बारदेशापर्यंत गेले. पण पाण्याखाली गेलेली गावे महाराष्ट्रातली, हेही सांगितले पाहिजे. दोन सरकारांचे जमले, तरी घर सोडणाऱ्याचे दुःख करारात मावत नाही.

असे शेजारी-मंडळ परदेशातही आहे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग हे युरोपातले तीन लहान देश. महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, त्यांनी ठरवले की आपसांत मालावर जकात घ्यायची नाही. १९४८ पासून ते अमलात आले. तिघांच्या नावांतली अक्षरे घेऊन या मंडळाला बेनेलक्स म्हणतात. पुढे १९५७ साली सहा देशांनी रोम येथे मोठा करार केला. त्यातूनच आजचा युरोपीय संघ वाढला. हे तिघेही त्यात होते. पण मोठे घर झाले म्हणून लहान मंडळ मोडायला लावले नाही. त्याला करारातच जागा ठेवली.

आपल्याकडे मात्र एक गाठ सुटत नाही. बेळगाव, निपाणी, कारवार या भागाबद्दल महाराष्ट्राचा कर्नाटकाशी वाद आहे. परिषदेने ज्या विषयांवर बोलावे, त्यांत सीमातंटे कायद्यानेच घातले आहेत. १९५६ साली पश्चिम विभागात मुंबई आणि म्हैसूर ही दोनच राज्ये होती. म्हैसूर म्हणजे आजचे कर्नाटक. म्हणजे भांडणारे दोघे एकाच बैठकीत बसत होते! आता कर्नाटक दक्षिण विभागात आहे. आपण पश्चिमेत. मधल्या काळात महाजन आयोग झाला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरात वातावरण तापले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावले. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून बोलतील, असे तेथे ठरले.

दोन विभागांच्या परिषदांनी एकत्र बैठक घ्यावी, अशी सोय १९५६ च्या त्याच कायद्यात आहे. सीमेवरच्या मराठी आणि कानडी शेतकऱ्यांचा बाजार एक आहे, विहिरीचे पाणीही एकाच जमिनीतले आहे. त्यांच्यासाठी ती सोय वापरायला हरकत नसावी, असे आम्हांस वाटते.