खानदेशच्या उन्हात तीनचाकीची बैठक

हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलीवर बसणाऱ्याची पाठ आणि मांड्या सतत टेकलेल्या असतात. साध्या सायकलीवर पाठ मोकळी राहते, वारा सगळीकडून लागतो आणि पायावर भार देऊन क्षणभर सीटवरून उठताही येते. तीनचाकीत यांतले काहीच होत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या अनेक तीनचाकींना रेक्झीनने मढवलेली फोमची सीट असते. अंगाखालची हवा कोंडली की घामोळ्यांपासून जखमेपर्यंत सगळे त्रास त्या एका सीटवर सुरू होतात.

रेलून बसायच्या वाहनाची बैठक हवेशीर कशी करावी, याचा बारकाईने विचार झाला तो रिकम्बंट सायकलींच्या निमित्ताने. अशाच एका सायकलीवर फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने ७ जुलै १९३३ रोजी तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने या सायकलींना शर्यतींतून बाद केले. हौशी लोकांनी त्या तरीही चालवल्या आणि पाठीला घाम येण्याच्या तक्रारीवर दोन उपाय रुळले. एक म्हणजे पाइपांच्या चौकटीवर ताणलेली जाळी. दुसरा म्हणजे कडक सीटवर टाकलेली जाड, विरळ विणीची गादी, जिच्यातून हवा आडवी वाहते. दोन्हींचे तत्त्व एकच: कातडी आणि आधार यांच्यामध्ये हवेला वाट हवी.

खानदेशात या वाटेला विशेष किंमत आहे. हवा ३५ अंशांच्या वर गेली की वारा अंगाला थंड करत नाही, उलट उष्णता देतो. शरीर थंड होते ते फक्त घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. मे महिन्यात इथली दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्या दंडावरचा घाम दिसायच्या आत उडून जातो. रेक्झीनला टेकलेल्या पाठीवरचा घाम मात्र तिथेच साचतो. शरीरातले पाणी खर्च होते आणि थंडावा मिळत नाही. त्यात हाताने क्रँक फिरवणे पायाने पॅडल मारण्यापेक्षा जास्त दमवते, म्हणजे तेवढ्याच अंतराला उष्णता अधिक तयार होते.

बैठकीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, आणि या लेखातली ती सर्वांत महत्त्वाची आहे: बसणाऱ्याला कमरेखाली स्पर्श कळतो की नाही. पोलिओ झालेल्याचे स्नायू दुबळे होतात, पण संवेदना शाबूत राहते. सीट तापली, टोचली तर तो लगेच सरकतो. भारतात नैसर्गिक (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, त्यामुळे तीनचाकी वापरणाऱ्यांत अशांची पिढी आता वयस्क होत चालली आहे. झाडावरून किंवा विहिरीत पडून, अथवा महामार्गावरच्या अपघातात मणक्याला मार बसलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना चटका कळत नाही, दाब कळत नाही, आणि मार वरच्या मणक्यात असेल तर त्याखालच्या भागाला नीट घामही येत नाही. एकाला जी सीट नुसती त्रासदायक, ती दुसऱ्याला धोक्याची ठरते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसऱ्या प्रकारच्या एका तरुणाची तीनचाकी होती. सीट फार तापते म्हणून रेक्झीनला टोच्याने भोके पाडली गेली. उपाय सगळ्यांनाच पटला होता. पण त्या भोकांतून हवा खेळली नाही, घाम फोममध्ये उतरत राहिला. पावसाळ्यात पाणीही मुरले आणि वरून कोरडी दिसणारी सीट बसताक्षणी ओल सोडू लागली. ओलीने कातडी मऊ पडली आणि माकडहाडापाशी जखम झाली. ती भरून यायला हिवाळा उजाडला, आणि तोवर तीनचाकी अंगणात उभी राहिली, म्हणजे रोजगारही थांबला. रेक्झीनला भोके पाडू नयेत. सुधारायचे असेल तर रेक्झीन काढूनच टाकावे.

पाठीची बाजू सुधारणे सर्वांत सोपे आहे आणि ते काम गावातच होते. रेक्झीन, फोम, पत्रा काढल्यावर दोन उभे पाइप उरतात. त्यांवर आडवी नवार विणता येते. बाज विणणारा कारागीर मिळाला तर उत्तम, नाहीतर घडीच्या पलंगाला नायलॉनची पट्टी बसवणाराही हे करतो. दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवावी. पट्ट्या पाइपाला कायमच्या शिवू नयेत. बुटाची नाडी बांधतात तशा मागून दोरीने आवळाव्यात, म्हणजे ताण हवा तसा कमीजास्त करता येतो. सगळी खुबी या ताणात आहे. वीण ढिली असली तर कंबर मागे बुडते, खांदे पुढे येतात आणि क्रँक फिरवताना मान भरून येते. कंबरेच्या बाकाशी पट्ट्या घट्ट, त्यावर जरा सैल, आणि अगदी खाली माकडहाडापाशी आणखी सैल ठेवाव्यात. नवी नवार पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते, तेव्हा पुन्हा आवळावी. ज्याला धड सावरता येत नाही त्याच्या बाजूचे आधार मात्र काढू नयेत. मागे सामानाची पिशवी लटकवण्याची सवयही सोडावी लागते. जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या पाचकंदील परिसरात फिरून विकणाऱ्याला ते अवघड जाते, पण पिशवी पाठीला चिकटली की विणीचा उपयोग संपला. सामान पायांजवळ किंवा मागच्या चाकांवरच्या खोक्यात जावे.

बसायच्या भागाला हाच नियम लावता येत नाही. संवेदना असलेल्याला विणलेली बैठक आणि तिच्यावर पातळ गादी चालते. संवेदना नसलेल्याला नुसती वीण किंवा मण्यांचे कव्हर देणे चुकीचे आहे; पट्टीची कड, मणी, गाठ हाडाखाली रुतते. त्याला चांगल्या दाट फोमची सात ते दहा सेंटिमीटर जाडीची गादी हवी, तिच्यावर सुती किंवा एअर मेशची काढून धुता येणारी खोळ हवी. कापसाची गादी खानदेशात सहज मिळते, पण ती घाम पिते आणि तिच्यात गोळे होतात. पुढची कड मागच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवली तर अंग पुढे घसरत नाही, कातडी घासत नाही. गुडघ्यामागे आडवा पाइप लागत असेल तर तो वेल्डरकडून खाली घ्यावा.

ओल्या कापडाचा उपाय इथल्या कोरड्या हवेत फार गुणाचा आहे. पिळून घेतलेले सुती उपरणे विणलेल्या पाठीवर टाकले की कूलरच्या वाळ्याचे काम करते. ते पाठीलाच ठेवावे. बुडाखाली ओल कधीही जाऊ देऊ नये. जून सरल्यावर हवा दमट होते, घाम वाळत नाही, तेव्हा हा उपाय बंद करून जोडीला दुसरी कोरडी खोळ बाळगावी आणि रोज बदलावी.

उन्हात उभ्या केलेल्या तीनचाकीची काळी सीट आणि पाइप कातडी भाजेल इतके तापतात. संवेदना नसलेल्याने बसण्यापूर्वी हाताच्या पंजाने सीट चाचपावी, वर पांढऱ्या कापडाचे छत बसवून घ्यावे. बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटे दाब हलका करावा. रात्री आरशात किंवा घरच्यांकडून कातडी पाहून घ्यावी. अर्ध्या तासात न जाणारी लाली दिसली तर ती जाईपर्यंत त्या जागेवर बसू नये आणि सरकारी रुग्णालयात दाखवावे.

केंद्र सरकारची साधने वाटपाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि ग्रामपंचायतींना स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. नवार, खोळ, छत आणि वेल्डरची मजुरी हा खर्च त्या मानाने लहान आहे. शिबिर भरवणाऱ्यांनी आणि सरपंचांनी तीनचाकी देताना तिची बैठकही त्या माणसाच्या अंगाला बेतून द्यावी, आणि घेणाऱ्यानेही ती मागून घ्यावी.