तुरुंग बदलतो, निकाल नाही

भाचा आखातातल्या तुरुंगात होता तेव्हा चिपळूणला ताईच्या घरी सगळे एकाच आशेवर होते: एकदा इकडे आणला की शिक्षा आपल्या कायद्याप्रमाणे कमी होईल. कागदपत्रांचे पैसे घेणाऱ्या एजंटानंही तेच ठणकावून सांगितलं. चक्क थाप होती ती.

२००३ च्या ‘रिपॅट्रिएशन ऑफ प्रिझनर्स ॲक्ट’नं कैदी मायदेशी येतो, पण तिकडच्या कोर्टाची शिक्षाही बरोबर येते. ती आपल्या कायद्याशी विसंगत असेल तरच केंद्र सरकार तिच्यात फेरफार करू शकतं, तोही मूळ शिक्षेला शक्य तितका धरून. आता विसंगत कशाला म्हणायचं? मॉरिशसमध्ये १५२.८ ग्रॅम हेरॉइनपायी २६ वर्षांची शिक्षा झालेला एक भारतीय २०१६ साली इथल्या तुरुंगात आला. आपल्या एनडीपीएस (अमली पदार्थांविरुद्धच्या) कायद्यात तेवढ्या मालाला जास्तीत जास्त १० वर्षं. मुंबई उच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूनं गेला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तो कौल रद्द झाला. इथली कमाल शिक्षा कमी, एवढ्यानं तिकडची विसंगत ठरत नाही. ती आपल्या मूलभूत कायद्यांच्याच विरुद्ध जायला हवी.

अपिलाचं प्रकरण तर याहून नाजूक. अपील चालू असेपर्यंत बदली होत नाही, म्हणून घरचे उतावीळ होऊन ते मागे घ्यायला लावतात. पण तो निकाल चुकीचा आहे हे सांगायची जागा तिकडचंच कोर्ट. ते दार बंद करून इकडे आलात, तर इथला कितीही मोठा वकील दोषसिद्धी उलटवू शकत नाही. ताईला हे पटवायला मला फार वाद घालावा लागला.

बाकी अटी सरळ आहेत: त्या देशाशी करार हवा, कैद्याची स्वतःची आणि दोन्ही सरकारांची संमती हवी, साधारणपणे किमान सहा महिन्यांची शिक्षा उरलेली हवी. फाशीच्या कैद्याला हा मार्ग नाही.

म्हणून आणूच नये असं नाही. भाचा आला, ताईला मुलाखतीला जाता येतं, तो मराठीत बोलतो, हे काही थोडं नव्हे. पण संमतीपत्रावर सही होण्याआधी वकिलाला दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: इथं नेमकी किती शिक्षा भोगायची, आणि तुरुंगाची माफी कोणत्या देशाच्या नियमानं मिळणार? उत्तर टाळणाऱ्याला पैसे देऊ नका.