गाभण, वेत, वार व चीक : शब्दांचे अर्थ आणि उपयोग

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या अतिपावसाच्या तालुक्यांत डांगी गाय हे शेतकऱ्याचे मोठे धन होय. पाड्यावरून पशुवैद्याकडे धाडलेला निरोप शब्दांवरच विसंबून असतो. शब्द चुकला तर मोलाचा वेळ जातो. म्हणून जनावराच्या विण्यासंबंधीचे शब्द कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी नीट समजून घ्यावेत.

गाभण व भाकड : 'गाभण' हा शब्द संस्कृत 'गर्भिणी' या शब्दापासून आला आहे. गाय सुमारे २८० दिवस, म्हैस ३१० दिवस व शेळी १५० दिवस गाभण असते. जे जनावर गाभण नाही आणि दूधही देत नाही, ते भाकड. विण्यापूर्वी दोन महिने जिचे दूध थांबविले, ती गाय 'आटवलेली' होय. तिलाही भाकड म्हणण्याची चाल सोडून द्यावी. भाकड म्हटले की खुराक तुटतो. परंतु पोटातील वासराची सर्वाधिक वाढ याच दोन महिन्यांत होते.

वेत व गाभडणे : विण्याच्या प्रत्येक खेपेस वेत म्हणतात. पहिल्या वेताची ती पहिलारू. मुदतीपूर्वी गर्भ पडल्यास गाय 'गाभडली' असे म्हणावे. 'व्याली' अशी नोंद करू नये. गाभडण्याचे कारण सांसर्गिक रोग असू शकतो व तो माणसासही होतो. पडलेला गर्भ उघड्या हातांनी हाताळू नये, तो खोल पुरावा व गाय वेगळी बांधावी.

अडणे व अडकणे : 'गाय अडली' म्हणजे वासरू बाहेर येत नाही. पाणमोट फुटून तास-दोन तासांत वासरू पुढे न सरकल्यास पशुवैद्यास तातडीने बोलवावे. 'वार अडकली' म्हणजे वासरू जन्मले, पण वार पडली नाही. वारेस काही ठिकाणी 'जार' म्हणतात. ती बहुधा ८ ते १२ तासांत पडते. न पडल्यास ओढू नये, तिला वजन बांधू नये; पशुवैद्यास कळवावे.

चीक : व्याल्यानंतरचे पहिले दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्याचा खरवस सर्वांस आवडतो. तथापि पहिला हक्क वासराचा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत घातक आहे. वासरास रोगप्रतिकारशक्ती चिकातूनच मिळते व ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या तासाभरातच चीक पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे २० किलो वजनाच्या वासरास सुमारे २ लिटर, चीक विभागून द्यावा. वासरू आचळास लागल्याने वार पडण्यासही साहाय्य होते.

निरोप धाडताना कितवे वेत, किती दिवसांची गाभण, पाणमोट केव्हा फुटली, वासरू झाले की नाही व वार पडली की नाही, या पाच गोष्टी अवश्य सांगाव्यात.