मीटर खोटं बोललं तर? : विमानाच्या कॉकपिटमधून वर्गासाठी एक पाठ



१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांचे विमानाबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. त्यातला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो : "मॅडम, मीटरच बिघडलं तं पायलट काय करते?" आजचा लेख याच प्रश्नावर. पाचवीपासून पुढच्या वर्गांना तो घेता येईल.

आधी एक अनुभव : फुगडी

मुलाला डोळे मिटून एका जागी हळूहळू गोल फिरायला सांगा. बाजूला दोन मुलं सांभाळायला उभी ठेवा. आठ-दहा फेऱ्यांनंतर एकदम थांबवा, डोळे मिटलेलेच राहू द्या. थांबल्यावरही त्याला आपण फिरतोय असंच वाटतं, आणि तेही उलट्या दिशेने! आपल्या कानाच्या आत बारीक नलिका असतात. त्यांतल्या द्रवामुळे मेंदूला तोल कळतो. शरीर थांबलं तरी द्रव लगेच थांबत नाही, म्हणून हा भास होतो.

पायलटचंही असंच होतं. रात्री समुद्रावर किंवा ढगात क्षितिज दिसत नाही. विमान हळूहळू एका अंगाला कललं तर शरीराला पत्ताही लागत नाही. अशा वेळी यंत्रावरच विश्वास ठेवावा लागतो. आणि यंत्र एकटं असू नये म्हणून मोठ्या विमानात तेच यंत्र कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक आणि मध्ये राखीव एक, असं ठेवलेलं असतं.

मुंबई, १ जानेवारी १९७८

एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ विमान त्या रात्री मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर आल्यावर ते उजवीकडे थोडं वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र अडकलं होतं. विमान अजून उजवीकडेच कललेलं आहे, असं ते दाखवत राहिलं. कॅप्टनने ते सरळ करायला डावीकडे वळवलं. प्रत्यक्षात सरळ असलेलं विमान डावीकडे कलत गेलं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. उड्डाणापासून फक्त १०१ सेकंद झाली होती. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

सहवैमानिकाला आपलंही यंत्र बिघडलंय असं वाटलं. त्या यंत्रावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनियर सांगत होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात ते आहे. पण तोवर वेळ संपली होती. बाकीची यंत्रं पाहून विमान सावरता आलं नाही, असं चौकशीत नोंदलं गेलं.

मॉन्ट ब्लांक, २४ जानेवारी १९६६

डॉ. होमी भाभा विमान अपघातात गेले हे आपण मुलांना सांगतो. तो कसा झाला हे सहसा सांगत नाही. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ बैरुतहून जिनिव्हाला चाललं होतं. रेडिओ केंद्रावरून दिशा सांगणाऱ्या यंत्रांपैकी एक बंद होतं, आणि ते बैरुतहून निघतानाच वैमानिकाला माहीत होतं. त्याने आपल्या जागेचा अंदाज केला, तो चुकला. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर ती चूक पाहिली आणि खरी जागा कळवलीसुद्धा! पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. डोंगर मागे पडला असं वैमानिक समजला आणि विमान खाली आणत राहिला. ११७ जण गेले. या अपघाताबद्दल कटाच्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. फ्रान्सच्या चौकशी अहवालात कारण हे दिलेलं आहे.

न्यूयॉर्क, ११ सप्टेंबर २०१८

आता सुटकेची गोष्ट. एअर इंडियाचं बोइंग ७७७ दिल्लीहून सुमारे ३७० प्रवासी घेऊन न्यूयॉर्कवर पोहोचलं. खाली दाट, ठेंगणे ढग. ढगातून धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा विमानात चालेना, इतरही काही यंत्रं बंद. इंधन कमी होत चाललं होतं. कॅप्टन रुस्तम पालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? काय काय बंद आहे आणि इंधन किती उरलं आहे, हे नियंत्रकाला साध्या, स्पष्ट शब्दांत सांगितलं. जवळपासच्या विमानतळांचं हवामान विचारलं. मग नेवार्कला जायचं ठरवून, चालू असलेल्या यंत्रांच्या आधाराने विमान सुखरूप उतरवलं.

वर्गात काय करता येईल?

१. दोन काटे : एकच वस्तू दोन वजनकाट्यांवर मोजा. आकडे वेगळे आले तर खरा कोणता? मुलांनाच उपाय शोधू द्या. तिसरा काटा आणू, माहीत असलेलं वजन ठेवून पाहू, असं ती आपोआप म्हणतात.

२. परत सांग : एकाने शाळेपासून बसस्टँडचा रस्ता सांगायचा, दुसऱ्याने न पाहता नकाशा काढायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक सूचना ऐकून परत म्हणायची आणि मगच काढायची. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. पायलटही नियंत्रकाची सूचना अशीच परत म्हणून दाखवतात.

३. बोलायची सवय : फळ्यावर गणितात मुद्दाम एक पायरी चुकीची लिहा आणि थांबा. कोण बोलतं? किती वेळाने बोलतं?

तिसरा उपक्रम सगळ्यात अवघड आहे. आपल्याकडे मोठ्यांची चूक काढणं उद्धटपणा मानतात. विमान क्षेत्रालाही हा धडा महागात शिकावा लागला. १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेनंतर कनिष्ठाने स्पष्ट बोलावं आणि कॅप्टनने ऐकावं, याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत हळूहळू सुरू झालं. म्हणजे ही सवय शिकवावी लागते, आपोआप येत नाही.

पालकहो, घरी मूल म्हणालं, "बाबा, तुमचा हिशोब चुकला," तर आधी हिशोब पुन्हा करून पहा. बरोबर निघाला तरी त्याला रागावू नका. त्याने ताडून पाहिलं, हेच मोठं आहे. तुमच्या वर्गात तिसऱ्या उपक्रमाला किती वेळ लागला, ते नक्की कळवा.